अप्पांच्या भरवशावर

भारताची बॅटिंग चालू असताना अप्पांच्या घरी जायचं असेल, तर ओव्हर संपेपर्यंत दाराबाहेर थांबावं आणि मगच बेल दाबावी, हे आमच्या मजल्यावरच्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. ओव्हरच्या मध्येच बेल वाजली आणि पुढच्या चेंडूला कोणी आउट झालं, तर दार उघडतं, पण चहा मिळत नाही. शिवाय नावाची नोंद होते, आणि ती कधीच पुसली जात नाही. २०१५ च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला, सिडनीला, विराट कोहली एक रन काढून परतला, तेव्हा तळमजल्यावरचे गृहस्थ मेंटेनन्सची पावती द्यायला दारात उभे होते. स्कोअरकार्डात ती विकेट मिचेल जॉन्सनच्या नावावर आहे. अप्पांच्या दप्तरी ती पावतीवाल्यांच्या नावावर आहे. ते बिचारे आता पावती दाराखालून सरकवतात.

अप्पा बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. पर्यवेक्षक होते. उभी हयात दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करण्यात गेली. खडी पसरणारा वेगळा, डांबर ओतणारा वेगळा, रोलर फिरवणारा वेगळा. अप्पा कडेला छत्री घेऊन उभे. आपण कडेला उभे राहिलो नाही तर रस्ता होत नाही, ही खूणगाठ तिथंच पक्की झाली. खात्यात ते खरंही असेल. पण निवृत्तीनंतर देखरेखीला रस्ता उरला नाही, आणि सगळी श्रद्धा दोनच गोष्टींवर येऊन पडली: क्रिकेटची मॅच आणि विमानाचा प्रवास. या दोन्ही ठिकाणी माणसाकडून पैसे घेऊन त्याला खुर्चीत बसवतात आणि वर सांगतात की आता तुम्ही काही करू नका. बहुतेकांना हे पसंत असतं. अप्पांना ते सहन होत नाही. अकरा पोरं मैदानात उतरलेली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही. दीडदोनशे माणसं आभाळात लटकलेली आणि सगळी पेंगताहेत! असं कसं चालेल?

मॅचच्या दिवशी घरात बसण्याची व्यवस्था अप्पा ठरवतात. स्वतः वेताच्या खुर्चीत. समोर फास्ट बोलर असला की उजवा पाय डाव्यावर, स्पिनर आला की डावा उजव्यावर. मुलगा दाराशेजारी स्टुलावर. जावयाला मान म्हणून सुरुवातीला सोफा दिला होता. त्यानं लागोपाठ दोन मॅच घालवल्या. तेव्हापासून तो सासुरवाडीला आला की मॅच स्वयंपाकघरातून ऐकतो. एकदा अप्पांचा भाचा बाथरूममध्ये गेला आणि तेवढ्यात जोडी जमली. त्याला बाहेरून कडी घालण्यात आली. वर्तमानपत्र दाराखालून आत गेलं, चहाचा कप मावेना म्हणून चहा तेवढा राहिला. शंभराची भागीदारी झाल्यावर दार उघडलं, तेव्हा अप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारून "चांगला टिकलास" असं म्हटलं.

या सगळ्या मांडणीत काकूंना जागा नाही. त्या हातात काही ना काही घेऊन आत-बाहेर करतात, मधेच उभ्या राहून दोन चेंडू बघतात, "हा मुलगा बारीक झालाय का हो?" असं विचारून निघून जातात. त्यांच्या येण्याजाण्याची अप्पांनी कधी नोंदच घेतली नाही.

ही अंधश्रद्धा आहे असं म्हणायची सोय नाही. म्हटलं की अप्पा डेव्हिड शेफर्डला साक्षीला बोलावतात. इंग्लंडचा हा गुटगुटीत पंच धावफलकावर १११ किंवा २२२ लागले की एक पाय वर उचलायचा. हे आकडे अपशकुनी, त्या वेळी दोन्ही पाय जमिनीवर असू नयेत, असा तिकडचा समज. जगभरच्या मैदानांवर लोकांनी ते पाहिलं, कॅमेऱ्यानं टिपलं. "पंच होता तो!" अप्पा म्हणतात. "नि:पक्षपाती माणूस. कोणाचेही १११ झाले तरी पाय उचलायचा. मी निदान फक्त आपल्यासाठी उचलतो." या युक्तिवादात गफलत कुठं आहे, हे चटकन सापडत नाही आणि तोवर पुढची ओव्हर सुरू झालेली असते.

अप्पांची ही कारकीर्द सुरू झाली रेडिओच्या काळात. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन लागायचं तेव्हा अप्पा चाळीतल्या खाटेवर काड्यांच्या पेट्या मांडून क्षेत्ररचना लावायचे. चेंडू पॉइंटकडे गेला असं पंडित म्हणाले की अप्पा पॉइंटच्या पेटीकडे रोखून बघायचे. पण त्यांना खरी दीक्षा मिळाली ती १९८३ साली. २५ जूनची रात्र. लॉर्ड्सवर आपले सगळे मिळून १८३ झालेले, समोर वेस्ट इंडीज, आणि चाळीत एकच टीव्ही. व्हिव्हियन रिचर्ड्स चौकारांवर चौकार मारत सुटला होता आणि पडद्यावर मुंग्या यायला लागल्या. घरात नवीन लग्न झालेले, तरणेताठे, अप्पाच. त्यांना गच्चीवर पिटाळलं. पावसाळ्याचे दिवस म्हणून छत्री खाकोटीला मारून त्यांनी अँटेना फिरवली. "आलं का?" "नाही!" "आता?" "थोडं डावीकडं!" असं चाललेलं असताना खालून एकदम गलका उठला. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सनं उंच फटका मारला होता आणि कपिलदेवनं मागं मागं धावत जाऊन तो झेलला होता. खालून पंधरावीस जण एका सुरात ओरडले, "तस्संच धर! हलू नकोस!"

अप्पा हलले नाहीत. वेस्ट इंडीज १४० वर आटोपेपर्यंत ते अँटेना धरून उभे होते. भारतानं वर्ल्ड कप जिंकला तो अप्पांनी गच्चीवरून ऐकला. उतरून खाली आले तोवर टीव्ही बंद करून लोक पेढे शोधायला बाहेर पडले होते. पण "अरे, तू धरलंस म्हणून जिंकलो" असं चाळीतले एक वडीलधारे म्हणाले आणि ते वाक्य अप्पांनी पुढं आयुष्यभर पाळलं.

तेव्हापासूनच्या प्रत्येक हार-जितीचा अहवाल त्यांच्याकडे तयार आहे. १९८६ साली शारजात शेवटच्या चेंडूवर चार हवे असताना जावेद मियाँदादनं सिक्स मारली, त्यात चेतन शर्माला लोक उगाच बोल लावतात. "एक चेंडू राहिला, आता काय होतंय, असं मनात आलं आणि मी खुर्चीचे हात सोडले," असं अप्पा सांगतात. इतक्या वर्षांनीही हे सांगताना त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट असतात.

२ एप्रिल २०११ ची वानखेडेवरची फायनल तर त्यांनी अंगावर काढली. श्रीलंकेचे २७४. सेहवाग डावाच्या दुसऱ्याच चेंडूला पायचीत, सचिन अठरावर झेलबाद. अप्पा संतापून घराबाहेर पडायला निघाले आणि चपला शोधायला दिवाणाशी वाकले. एक चप्पल हाताला लागली, दुसरी आत होती. तेवढ्यात गंभीर आणि कोहलीनं डाव सावरायला घेतला. अप्पा तिथंच फरशीवर बसले, टीव्हीकडे पाठ, हातात एक चप्पल. कोहली गेला तो चप्पल क्षणभर निसटली म्हणून. ती पुन्हा धरली आणि धोनी आला. गंभीरचं शतक तीन रननी हुकलं, ते पेरेराला पुढं येऊन मारायला गेल्यामुळं, असं जग समजतं. अप्पांच्या पोटरीत त्याच वेळी गोळा आला होता. उरलेली मॅच त्यांनी समोरच्या शोकेसच्या काचेत पाहिली. काचेत सगळं उलटं दिसतं, त्यामुळं कुलशेखरला शेवटची सिक्स मारून वर्ल्ड कप आणणारा धोनी अप्पांच्या आठवणीत डावखुरा आहे. पुन्हापुन्हा दाखवतात ती क्लिप लागली की ते अस्वस्थ होतात. काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत राहतं.

अलीकडं त्यांच्यापुढं नवीनच संकट उभं राहिलं. मुलानं मोठ्या हौसेनं केबल काढून मोबाइलच्या ॲपवरून टीव्हीला मॅच जोडून दिली. चित्र झकास, पण ते मैदानापेक्षा काही सेकंद मागं. वरच्या मजल्यावर केबल. आपला बोलर रनअपच्या टोकाला चेंडू पुसत उभा असतानाच वरून "आऊऽऽट!" अशी आरोळी येते. इतरांचा फार तर रसभंग होतो; अप्पांच्या अधिकाराचा पायाच उखडला. जो चेंडू पडून गेला, त्यासाठी आता पाय उचलून उपयोग काय? पहिले काही दिवस त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग वरच्यांना हळू ओरडण्याची विनंती केली. शेवटी केबल परत आणली आणि मुलाला बजावलं, "शिळ्या मॅचवर मी काम करत नाही."

मॅचमध्ये हरलं तर निदान जीव जात नाही. विमानात जबाबदारी मोठी. मुलगी बंगळुरूला दिली आहे, त्यामुळं अप्पांना ही जबाबदारी अधूनमधून घ्यावीच लागते. तयारी आदल्या आठवड्यापासून. बॅग वजनकाट्यावर चढते, पंधरा किलोच्या वर काटा सरकला की काकूंची एक साडी कमी होते. मुलीसाठी मसाल्याचं सुकं खोबरं न्यायचं काकूंच्या फार मनात असतं. ते तेलकट, उष्णतेनं पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात चालत नाही. हा नियम अप्पांना विमानतळावर कोणी सांगायच्या आधीपासून पाठ होता आणि इतका पटला होता की त्यांनी हळूच भाजणीच्या डब्यावरही संशय घेतला.

खिडकीची जागा ते घेतात, पण पंखावरची. ढग वगैरे बघायला नव्हे, पंखावर नजर ठेवायला. सुरक्षेच्या सूचना सुरू झाल्या की अख्ख्या विमानात ऐकणारा हा एकच माणूस. हवाईसुंदरी पट्ट्याचं बक्कल लावून दाखवते तेव्हा अप्पा आपलं लावून तिला दाखवतात. लाइफ जॅकेट सीटखाली आहे असं ती म्हणते तेव्हा ते वाकून हात घालून खात्री करतात. आपत्कालीन दरवाजा किती रांगा मागं आहे ते सीटच्या पाठींना हात लावत मोजतात. वाटेतल्या प्रवाशांच्या डोक्यांनाही हात लागतो. शेजारचा कोणी फोनवर बोलत असला तर त्याला दटावतात, "अहो, ती पोरगी एवढं सांगतेय!" ती पोरगी मात्र त्या दिवसात प्रथमच कोणी ऐकल्यामुळं बावचळते.

मग आवाज सुरू होतात. एअरबसच्या विमानात इंजिनं चालू होत असताना पायाखालून खर्रर्र-खर्रर्र असा आवाज येतो, तो ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल. विमानातल्या दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधला दाब सांभाळणारं एक साधन असतं, त्याचा तो आवाज. नेहमीचाच. अप्पांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोक्यावरचं बटण दाबलं.

"खाली कोणीतरी करवत चालवतंय."

"काका, तो नेहमीचा आवाज आहे," हवाईसुंदरी मराठीच निघाली.

"नेहमीचा म्हणजे? रोज थोडं थोडं कापतात?"

टेकऑफला अप्पांचं काम सुरू होतं. दोन्ही हात खुर्चीच्या हातांखालून घालून ते वर ओढतात. मान ताठ, श्वास रोखलेला, पाय पुढच्या सीटला टेकवलेले. चाकं सुटली की एक सुस्कारा. पण विश्रांती नाही. जरा वर गेल्यावर वैमानिक इंजिनांचा जोर कमी करतो, आवाज एकदम उतरतो आणि पोटात खड्डा पडतो. हे रोजच्या उड्डाणातलं ठरलेलं पाऊल. अप्पा कुजबुजतात, "पेट्रोल वाचवतोय. आमच्या खात्यातला ड्रायव्हर उतारावर हेच करायचा." हवेत गचके बसायला लागले की पंखाचं टोक वर-खाली हलतं. ते हलायलाच हवं, लवचिक असतं म्हणूनच टिकतं, असं मी एकदा त्यांना समजावून सांगितलं. "पूल हलला तर आम्ही रहदारी बंद करायचो," ते पंखावरची नजर न काढता म्हणाले.

मुंबईत उतरताना त्यांचा ताण कळसाला पोचतो. त्यामागं इतिहास आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये एक परदेशी जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं होतं आणि धावपट्टी संपली तरी थांबलं नव्हतं. ही गोष्ट अप्पांनी तेव्हाच्या पेपरात वाचली, ती अजून विसरले नाहीत. त्यामुळं खाली समुद्र दिसला की ते खिडकीला नाक लावून बसतात आणि हे जुहू नाही ना, याची खात्री करतात. "जेआरडी टाटा १९३२ साली कराचीहून जुहूलाच उतरले," मी एकदा म्हटलं. "ते स्वतः चालवत होते," अप्पा म्हणाले. "आणि विमान केवढंसं! त्यांना जुहूला जायचंच होतं. याला कुठं जायचंय ते याला तरी माहीत आहे का?" मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, हे कळल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला. "चौक आहे, सिग्नल नाही. साधा हवालदारसुद्धा नाही!"

विमान टेकलं, वेग उतरला, की अख्खं विमान उभं राहून वरचे कप्पे उघडायला लागतं. अप्पा मात्र बसून असतात. घाम पुसतात. काकू तोवर जाग्या होऊन विचारतात, "पोचलो का?" त्यावर अप्पा ज्या नजरेनं त्यांच्याकडे बघतात, तिच्यात बत्तीस हजार फुटांवरून एकट्यानं उतरवून आणल्याचा शीण असतो.

मॅच आणि विमान या दोन जबाबदाऱ्या आपल्यावर एकाच वेळी येतील, असं अप्पांना कधी वाटलं नव्हतं. २९ जून २०२४ च्या रात्री ते झालं. नातीचं बारसं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि रात्रीच्या विमानाची तिकिटं काढली तेव्हा आपण वर्ल्ड कपच्या फायनलला पोचू असं जावयाच्या ध्यानीमनी नव्हतं. मीही ऑफिसच्या कामाला त्याच विमानानं निघालो होतो. गेटपाशी एका पोराच्या मोबाइलभोवती ही गर्दी. बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेचा क्लासेन सुटला होता. अक्षर पटेलच्या एका ओव्हरमध्ये चोवीस रन गेले आणि समीकरण तीस चेंडूंत तीस रन असं सोपं होऊन बसलं. अप्पा एका पायावर उभे होते. तेवढ्यात बोर्डिंगची शेवटची हाक आली. कोणी हलेना. बोलावणारी मुलगीसुद्धा माइक हातात धरून त्याच मोबाइलकडे बघत होती.

शेवटी दारं लागली, फोन बंद झाले. विमान धावपट्टीकडे निघालं तसा अप्पांचा चेहरा बघवेना.

"दोन्ही कसं सांभाळू रे?" ते मला म्हणाले. "मॅचला पाय आडवे लागतात, विमानाला सरळ."

"अप्पा, मॅच सोडा. इथं आपण सगळे आहोत."

त्यांनी डोळे मिटले, हात खुर्चीच्या हातांखाली घातले आणि आयुष्यात प्रथमच भारताला वाऱ्यावर सोडलं. काकू झोपल्या होत्या.

विमान वर जाऊन स्थिरावल्यावर कॅप्टनचा आवाज आला. बाहेरचं तापमान, वारा वगैरे सांगून झाल्यावर त्यानं जरा थांबून सांगितलं की भारत सात रननी जिंकला आहे. त्यानंतर विमानात जे झालं त्याला गलका हा शब्द अपुरा आहे. पट्ट्याची खूण पेटलेली असूनही लोक उभे राहिले, अनोळखी माणसं मिठ्या मारायला लागली. अप्पांनीही टाळी वाजवायला हात सोडले, नेमका तेव्हाच एक गचका बसला आणि त्यांनी हात परत घातले.

सूर्यकुमारनं शेवटच्या ओव्हरमध्ये मिलरचा झेल घेतला, चेंडू वर उडवून स्वतः दोरीपलीकडे जाऊन परत आत येऊन, तो आम्ही बंगळुरूला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी मोबाइलवर पाहिला. अप्पांनी घड्याळाचा हिशेब केला आणि गंभीरपणे म्हणाले, "बरोब्बर त्या वेळी मी विमान उचलत होतो. चेंडू बाहेर गेला होता की नाही? मग वर कसा आला?"

प्रकरण तिथं मिटायचं. पण बार्बाडोसला बेरिल वादळ आलं आणि आपला संघ कप घेऊन तिथंच अडकला. मग खास विमान पाठवून त्यांना आणायचं ठरलं. मॅच जिंकणारी माणसं आणि तीच विमानात! अप्पांनी ती रात्र वेताच्या खुर्चीत काढली. मुलानं मोबाइलवर विमानांचा माग दाखवणारं ॲप लावून दिलं होतं. निळ्या समुद्रावरून एक इवलंसं चिन्ह सरकत होतं. अटलांटिकवर ते चिन्ह मधेच दिसेनासं झालं तेव्हा अप्पांनी खुर्चीचे हात असे धरले की वेताचा एक तुकडा निघाला. ४ जुलैच्या सकाळी विमान दिल्लीत उतरलं. संध्याकाळी मुंबईत मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती, उघड्या बसवरून खेळाडू हात हलवत वानखेडेकडे निघाले होते, घरोघरी टीव्हीवर तेच. अप्पा आतल्या खोलीत घोरत होते. रात्रभर अटलांटिक ओलांडून आलेल्या माणसाला जाग कशी येणार? मिरवणूक काकूंनी बघितली.

"कार्यातल्या यजमानाला पंगतीत बसून जेवायला कधी मिळतं का?" त्या मला म्हणाल्या. "यांचं तसंच. एवढे वर्ल्ड कप झाले घरात, यांनी एकही धड पाहिला नाही."

हे सगळं असंच सुरळीत चाललं असतं. पण गेल्या वर्षी, २ नोव्हेंबर २०२५ ला, आमच्या नेरूळमध्येच, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल झाली. स्टेडियमचे दिवे आमच्या गॅलरीतून दिसतात. पावसामुळं खेळ उशिरा सुरू झाला. शफालीनं ८७ मारल्या, आपले २९८ झाले. अप्पांनी मात्र ही मॅच आपल्या अखत्यारीत धरलीच नव्हती. का, ते त्यांना नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं त्या मुलींनी आपल्याकडे काही मागितलं नाही, असं काहीतरी ते पुटपुटतात. जेवले, गोळी घेतली, झोपले.

मध्यरात्रीच्या सुमारास स्टेडियमकडून जो आवाज उठला त्यानं ते दचकून जागे झाले. बाहेर आले तर काकू टीव्हीसमोर. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

"काय झालं?"

"जिंकल्या! शेवटचा झेल हरमनप्रीतनं घेतला. अगदी कपिलचा होता तसाच हो, मागं मागं धावत."

अप्पा काही बोलले नाहीत.

"तुम्हाला कसा आठवणार," काकू म्हणाल्या. "तुम्ही गच्चीवर होतात."

दुसरा एखादा माणूस यातून काही शिकला असता. आपण अँटेना धरली, चप्पल धरली, विमान धरलं, आणि यातलं काहीच न धरता बायकोनं एक वर्ल्ड कप बघत बघत घरी आणला, हे बघून तो पुढची मॅच पाय पसरून, शेंगदाणे खात बघायला बसला असता. अप्पा पर्यवेक्षक आहेत. त्यांनी चौकशी सुरू केली.

"तू कुठं बसली होतीस?"

"बसले कुठं? उभीच होते. दोरीवरचे कपडे काढून आणले होते, त्यांच्या घड्या घालत होते."

"सगळा वेळ?"

"दीप्तीनं पाचवी विकेट काढली तेव्हा तुमच्या लेंग्याची घडी घालत होते," काकूंनी सहज म्हणून सांगितलं. त्याचे परिणाम त्यांच्या ध्यानात आले नाहीत.

वेताची खुर्ची आता गॅलरीत गेली आहे. मॅच असली की अप्पा टीव्हीसमोर उभे असतात, शेजारी स्टुलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. फास्ट बोलरला शर्ट, स्पिनरला रुमाल. काकूंच्या संसारात प्रथमच कपाटं लागली आहेत. नोव्हेंबरच्या मध्याला ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चौथ्या डावात अवघे १२४ हवे होते, आपण ९३ वर आटोपलो, तेही तिसऱ्याच दिवशी. पेपरांनी खेळपट्टीला दोष दिला. अप्पांचा अहवाल वेगळा होता: सहावी विकेट पडली तेव्हा घरातले कपडे संपले.

गुवाहाटीची दुसरी कसोटी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, आमची बेल वाजली. दारात अप्पा, हातात रिकामी पिशवी.

"तुमच्याकडे धुतलेल्या चादरी असतील ना? डबलच्या बघ. शर्टाची घडी लगेच होते रे, जोडी टिकत नाही."